चित्राची जबानी

बालवाचकांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेत चित्रकाराकडे सामान्यतः वातावरणनिर्मितीचे काम येते, आणि ते हलके आहे असे कोणी समजू नये. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची एमिल आणि त्याच्या बालगुप्तहेरांची कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा प्राग शहरात जन्मलेल्या वाल्टर ट्रियर या चित्रकाराने तिच्यासाठी काढलेले मुखपृष्ठ या कामाचा नमुना म्हणून आजही पुढे ठेवता येईल : पिवळ्याधमक रंगात न्हालेला, जवळजवळ निर्मनुष्य रस्ता, जाहिराती चिकटवण्याच्या गोल स्तंभाआड दबा धरलेली मुले, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यातला ताठ टोपीचा मनुष्य. पाहणाऱ्याला पाठलाग सुरू झाल्याची खात्री पटते आणि पुस्तक उघडल्यावाचून राहवत नाही. परंतु चोराला चोर ठरवणारा जो पुरावा आहे, तो या मुखपृष्ठावर नाही, मजकुरात आहे. आगगाडीच्या प्रवासात पैसे हरवू नयेत म्हणून एमिलने नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवल्या होत्या, आणि त्या नोटांना पडलेली टाचणीची भोकेच अखेरीस त्याच्या बाजूने साक्ष देतात.

आता हीच कथा एखाद्या स्वाध्यायपुस्तिकेत आली आहे अशी कल्पना करावी. स्वाध्यायपुस्तिका म्हणजे दोन-तीन पानांचे प्रकरण, सोबत एखाद-दुसरे चित्र, खाली प्रश्न, उत्तरासाठी कोऱ्या ओळी आणि अखेरीस उत्तरांची पाने. मूल हातात पेन्सिल घेऊन बसले आहे, आणि नोटा कोणाच्या हे त्याने स्वतः ठरवून कारणांसह लिहावे अशी अपेक्षा आहे. अशा वेळी ती सूक्ष्म भोके चित्रात असलीच पाहिजेत, आणि तीही अशा बेताने, की डोळ्याला ती दिसावीत पण पहिल्या वाचनात मनाने त्यांची नोंद घेऊ नये. या क्षणी चित्रकाराची भूमिका समूळ पालटते. तो सजावटकार राहत नाही. घटनास्थळाचा पंचनामा करणाऱ्या कारकुनाची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि त्याने काढलेली प्रत्येक रेघ ही जबानीतील एकेक वाक्य होऊन बसते.

चित्र आणि मजकूर यांना शिक्षणाच्या हेतूने एकमेकांशी जखडण्याची कल्पना जुनी आहे. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे दृश्य जगाची ओळख करून देणारे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन आणि जर्मन भाषांत निघाले. त्यातल्या चित्रांमधील वस्तूंना अंक दिलेले होते, आणि तेच अंक शेजारच्या मजकुरातील शब्दांना होते. म्हणजे मुलाने शब्द वाचावा, अंक शोधावा आणि वस्तू पाहावी. पण कोमेनियसचे चित्र काहीही लपवीत नाही. रहस्यपुस्तिकेच्या चित्राने दाखवायचेही असते आणि दाखवलेल्याकडे बोटही दाखवायचे नसते, आणि ही दोन कर्तव्ये एकाच कागदावर सांभाळणे हीच या व्यवसायातील खरी कसोटी आहे.

डोनाल्ड सोबोल यांनी १९६३ साली अमेरिकेत सुरू केलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्राउन या बालगुप्तहेराच्या पुस्तकांनी छोटी प्रकरणे आणि पुस्तकाच्या अखेरीस उत्तरे हा साचा सर्वत्र रूढ केला. परंतु त्यात खोटे पकडायचे ते बहुधा बोलण्यातले असते, चित्र सोबतीला असते. चित्रालाच पुराव्याचे स्थान दिलेले दिसते ते लॉरेन्स ट्रीट यांच्या १९८१ सालच्या पुस्तकात. त्यात चोवीस प्रकरणे आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक चित्र आहे. त्यांतले एक प्रकरण पुढे वर्गावर्गांतून शिकवले गेले, आणि ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. नवऱ्याशी भांडून एक स्त्री घराबाहेर पडते, क्लबात जाते, मध्यरात्रीनंतर परतताना काही स्नेह्यांना घरी बोलावते. ते तिच्यामागून दहा मिनिटांनी पोहोचतात तो ती दारातच सांगते, की नवरा पुन्हा पेला भरून घेण्यासाठी खाली येत असता जिन्यावरून घसरला आणि बहुधा गतप्राण झाला; पेला अजून त्याच्या हातातच आहे. चित्रात जिना आहे, पायथ्याशी पडलेला मनुष्य आहे, त्याच्या हातात न फुटलेला पेला आहे, भिंतीवरच्या तसबिरी आहेत, आणि पलीकडे चुलीवर काहीतरी शिजते आहे.

शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज हिलॉक्स यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच चित्र युक्तिवाद-लेखनाचे पहिले पाऊल म्हणून वापरले आहे. मूल प्रथम म्हणते, बाई खोटे बोलते. शिक्षक विचारतो, कशावरून? मूल म्हणते, पेला हातात आहे म्हणून. शिक्षक पुन्हा विचारतो, पेला हातात असला म्हणून काय झाले? आणि इथे मुलाला थांबावे लागते, कारण आजवर त्याने जे गृहीत धरले होते ते आता शब्दांत मांडायचे असते : जिन्यावरून पडणारा मनुष्य स्वतःला सावरण्यासाठी हातातली वस्तू सोडून देतो, हा सर्वसामान्य अनुभव. आपल्याकडे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणाने ज्या व्याप्तीची शेकडो वर्षे चर्चा केली, तीच ही गोष्ट. बारा वर्षांच्या मुलाकडून ती एका रेखाचित्राच्या आधारे काढून घेता येते, याचे मला फार मोल वाटते. मात्र या साऱ्या इमारतीचा पाया चित्रकाराच्या हातात आहे हे विसरता कामा नये. पेला फुटलेला आहे की अखंड हे रेषेच्या अस्पष्टतेमुळे कळलेच नाही, तर वर्गातला सगळा तर्क कोसळतो, आणि दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो.

या विषयाचा मागोवा घेताना एका अशा व्यक्तीकडे वळावेसे वाटते, जिने मुलांसाठी काही केले नाही, परंतु पुरावा म्हणून दृश्य कसे रचावे याचा परिपाठ घालून दिला. फ्रान्सिस ग्लेसनर ली या अमेरिकेतील एका श्रीमंत कारखानदार घराण्यातील स्त्रीने १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंची दृश्ये बाहुलीघरांच्या स्वरूपात तयार केली. प्रमाण एका फुटाला एक इंच. उद्देश पोलीस अधिकाऱ्यांना निरीक्षण शिकवण्याचा. हार्वर्ड विद्यापीठात भरणाऱ्या अभ्यासवर्गात ही दृश्ये त्यांच्यापुढे ठेवली जात आणि पाहण्यासाठी मोजका वेळ दिला जाई. अशा एकंदर वीसेक पेट्या तिने सिद्ध केल्या. त्यांपैकी अठरा बाल्टिमोर येथील वैद्यकीय तपास-कचेरीत आहेत, आणि त्या आजही शिक्षणाच्या कामी येत असल्यामुळे त्यांची उत्तरे जाहीर केली जात नाहीत. बाहुल्यांच्या पायांतले मोजे तिने टाचण्यांएवढ्या बारीक सुयांवर स्वतः विणले होते. भिंतीवरची दिनदर्शिका, दाराचे कुलूप, खिडकीचा पडदा, शरीराच्या त्वचेवरील रंगच्छटा, यांतले काहीही तिने अंदाजाने ठेवले नाही. प्रत्येक पेटीसोबत साक्षीदाराचे निवेदन असे, आणि ते निवेदन खरे असेल, चुकीचे असेल किंवा जाणूनबुजून खोटे असेल. पाहणाऱ्याने निवेदनाची दृश्याशी रुजवात घालून पाहावी अशी योजना होती. डाव्या हातापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नजर फिरवीत मध्यभागी यावे, अशी तिची पाहणाऱ्यांना सूचना असे. मुलांच्या पुस्तिकेत रक्तपाताचे कारण नाही, तो आणूही नये. पण निवेदन एकीकडे, दृश्य दुसरीकडे, आणि सत्य त्या दोहोंच्या फटीत, ही तिची रचना प्रत्येक चित्रकाराने मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

या रचनेतून चित्रकारावर एक असे ओझे येते, जे इतर पुस्तकांच्या चित्रकाराला ठाऊकच नसते. साध्या गोष्टीच्या पुस्तकात पान ६ वर नायकाच्या सदऱ्याला पाच गुंड्या आणि पान ८ वर चार असल्या, तर कोणाचे काही बिघडत नाही. रहस्यपुस्तिकेत मात्र ती चूक चूक राहत नाही; तिचा पुरावा होतो. मूल गुंडी हरवल्याची नोंद करते, त्यावर आरोप उभारते, आणि उत्तराच्या पानावर त्या गुंडीचा उल्लेखही नाही हे पाहून त्याचा पुस्तकावरचा विश्वास उडतो. त्याने तर आपल्याला सांगितले होते तेच केले होते, बारकाईने पाहिले होते. म्हणून अनुभवी चित्रकार पहिले चित्र काढण्यापूर्वी एक नोंदवही घालतो आणि प्रत्येक पात्राची कैफियत तीत उतरवतो : कोण डावखुरा, कोणाचा भांग कोणत्या बाजूला, घड्याळ कोणत्या मनगटावर, चपलेचा अंगठा तुटका की धड, चष्मा वाचण्यापुरता की कायमचा. खोलीचाही नकाशा काढतो, वरून पाहिल्यासारखा, मोजमापांसह; कारण दार आत उघडते की बाहेर, आणि खिडकीतून अंगणातला आड दिसू शकतो की नाही, हे एकदा कागदावर ठरले की पुढची सर्व चित्रे त्या नकाशाला बांधलेली राहतात.

मांडणी करणाऱ्यानेही या वहीला बांधून घेतले पाहिजे. पानावर बरे दिसावे म्हणून चित्र आरशातल्याप्रमाणे उलटवून घेण्याची सवय छापखान्यांतून आढळते. एरवी ती निरुपद्रवी असेल. इथे मात्र डावखुरा मनुष्य उजवा होतो, सदऱ्याच्या गुंड्या दुसऱ्या बाजूला जातात, आणि मराठी घरातल्या बाईंच्या डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. मग एखादी चाणाक्ष मुलगी, बाई गुजराती पद्धतीचे लुगडे नेसल्या आहेत तेव्हा त्या या घरच्या नव्हेत, असा निष्कर्ष काढते. तिचे निरीक्षण निर्दोष असते. गुन्हा मांडणीकाराचा असतो.

सत्यजित राय यांची फेलूदा ही मालिका १९६५ साली 'संदेश' मासिकातून सुरू झाली, आणि तिच्यातली चित्रे स्वतः राय यांनी काढली. लेखक आणि चित्रकार एकच असला म्हणजे ही तफावत पडण्याचे भय फार कमी होते. पण असे योग विरळा. बहुधा लेखक एका गावी, चित्रकार दुसऱ्या गावी आणि संपादक तिसऱ्या ठिकाणी असतो. आणि म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे, की अशा पुस्तिकेत मजकूर पुरा झाल्यावर चित्रे मागवण्याचा प्रघात सोडून दिला पाहिजे. चित्रकाराला प्रकरणाचा निकाल आधी कळावा, आणि जे चित्राने सांगायचे ते वाक्य लेखकाने मजकुरातून खोडून टाकावे. तीच गोष्ट दोन्हीकडे आली, तर मूल चित्र पाहायचेच सोडून देते.

सूचक चिन्हे किती गूढ असावीत, या प्रश्नावर किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराच्या १९७९ सालच्या 'मास्करेड' या पुस्तकाचा इतिहास फार बोलका आहे. पंधरा चित्रे आणि त्यांत दडवलेले एक कोडे; ते सोडवणाऱ्याला इंग्लंडच्या भूमीत पुरलेला सोन्याचा ससा मिळायचा होता. चित्रांतील प्राण्यांच्या आणि माणसांच्या डोळ्यांपासून हातापायांच्या बोटांच्या टोकांतून रेषा काढली असता ती चौकटीवरील एकेका अक्षराला जाऊन भिडते, आणि त्या अक्षरांतून बेडफर्डशर परगण्यातील अँप्टहिल येथील एका स्मारक-क्रुसाची जागा निघते. संपातदिनी मध्यान्ही त्या क्रुसाची छाया जिथे टेकते तिथे ससा. योजना अपूर्व होती, यात शंका नाही. पण ती इतकी दुर्गम झाली, की लोकांनी भलत्याच जागा खणल्या, १९८२ साली ससा ज्याच्या हाती लागला त्याने तो चित्रे उलगडून मिळवलेला नव्हता हे काही वर्षांनी उघडकीस आले, आणि खरोखर रेषा जुळवून उत्तर काढणारे भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक थोडक्यात मागे पडले. याउलट ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या ग्रीम बेस यांच्या १९८८ सालच्या 'द इलेव्हन्थ अवर' या पुस्तकात हत्तीच्या अकराव्या वाढदिवसाची मेजवानी कोणी आधीच फस्त केली, हे मुलांनी शोधायचे आहे. तिथेही चौकटींत लिप्या आहेत, उलटी अक्षरे आहेत. परंतु लहानाला पुरेल असा सोपा मार्गही आहे आणि थोराला गुंतवील असा बिकटही, आणि सर्वांची फोड पुस्तकाच्या अखेरीस मोहोरबंद पानांत दिलेली आहे. चोर कोण हे मी इथे सांगत नाही. ज्यांनी ते पुस्तक अजून पाहिलेले नाही त्यांचा हक्क मी का हिरावून घ्यावा?

छायेचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण इंग्रजी पुस्तकांवरून चित्रे उतरवून घेणारे आपले चित्रकार इथे हमखास फसतात. अँप्टहिल सुमारे ५२ उत्तर अक्षांशावर आहे. तिथे दहा फुटी खांबाची संपातदिनीची मध्यान्हछाया खांबापेक्षाही लांब, सुमारे १२.८ फूट, पडते, आणि वर्षाच्या कोणत्याही दिवशी ती उत्तरेकडेच असते. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. इथे त्याच दिवशी, तेवढ्याच खांबाची छाया जेमतेम ३.३ फूट भरते. मेच्या मध्याच्या सुमारास एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही ती पायातळीच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस असा दुसरा दिवस येतो. आणि या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची छाया चक्क दक्षिणेकडे पडते. म्हणजे भर दुपारी उन्हात लांबच लांब सावल्या टाकणारी माणसे पुण्याच्या रस्त्यावर उन्हाळ्यात काढली, तर तो चित्रकाराने दिलेला खोटा पुरावा झाला. हीच गोष्ट जाणूनबुजून योजली तर तिच्यातून उत्तम प्रकरण निघते : छायाचित्र जूनमध्ये दुपारी साडेबारा वाजता घेतले असे कोणी शपथेवर सांगतो, आणि चित्रातली देवळाच्या दीपमाळेची सावली लांबवर उत्तरेकडे पसरलेली असते.

अशा एका प्रकरणाचा आराखडा बारकाईने मांडून दाखवतो, म्हणजे चित्राकडून कशाची अपेक्षा असते ते ध्यानात येईल. मार्गशीर्ष महिना आहे, वद्य चतुर्थी. जुन्या वाड्याच्या माजघरात रात्री सातच्या सुमारास ओरड होते, की दफ्तराच्या पेटीतून एका बखरीचे हस्तलिखित नाहीसे झाले. घरातले एक पाहुणे जबानी देतात : मी वरच्या खिडकीत उभा होतो, चंद्र चांगला वर आला होता, त्याच्या उजेडात कोठीवाल्याला अंगण ओलांडून जाताना मी ओळखले. चित्र आहे माजघराचे. भिंतीवर लंबकाचे घड्याळ, त्यात सात. त्याखाली दिनदर्शिका, आणि तिच्यावर त्या दिवसाच्या चौकटीत संकष्टीची खूण. कोपऱ्यातल्या पाटावर केळीच्या पानाने झाकलेले मोदकांचे ताट, एका कडेने एकच मोदक डोकावणारा. आजीच्या हातात जपमाळ. उघड्या दारातून दिसणारे अंगण मिट्ट काळोखाचे, आणि आभाळात केवळ चांदण्या.

संकष्टीला चंद्र पाहूनच उपास सोडतात हे मराठी घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही, आणि चंद्रोदयाची वाट पाहता पाहता रात्रीचे नऊ कसे वाजतात हेही त्याने भुकेल्या पोटी अनुभवलेले असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे दररोज सरासरी पाऊणएक तास उशिरा येतो. म्हणून वद्य चतुर्थीला त्याला क्षितिजावर यायला ऋतुमानाप्रमाणे आठ-साडेआठ ते दहा वाजतात. सात वाजता तो चांगला वर आलेला असणे शक्य नाही. झाकलेले ताट हेच सांगते, दिनदर्शिका हेच सांगते, काळोख हेच सांगतो. पाहुण्यांची जबानी मोडली. ज्या मुलाच्या घरी संकष्टी पाळत नाहीत त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दिनदर्शिकेच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ बारीक पण स्वच्छ अक्षरांत छापलेली असावी; कारण रहस्यपुस्तिकेने ज्ञान पारखायचे नसून द्यायचे असते, आणि उत्तराला लागणारे प्रत्येक साहित्य पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आतच मिळाले पाहिजे. हे चित्र काढणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. माजघरात कंदील एकच असेल, तर सर्व सावल्या त्या एकाच ठिकाणापासून दूर पडल्या पाहिजेत. आजीची सावली एका दिशेला आणि पेटीची दुसऱ्या दिशेला गेली, की मुले दुसऱ्या दिव्याच्या शोधाला लागतात.

डोळा चित्रावर कसा फिरतो याविषयी अल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने केलेले प्रयोग या कामी मोठे मार्गदर्शक आहेत. त्यांचा ग्रंथ १९६७ साली इंग्रजीत आला. इल्या रेपिन यांच्या एका प्रसिद्ध चित्रात हद्दपारीतून अवचित परतलेला मनुष्य घरात पाऊल टाकतो आहे आणि घरची माणसे चकित होऊन पाहत आहेत. यार्बुस यांनी एकाच प्रेक्षकाला ते वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले आणि त्याच्या दृष्टीचे मार्ग नोंदवले. माणसांची वये विचारली तेव्हा दृष्टी चेहऱ्याचेहऱ्यांवर थबकत गेली; कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा ती वस्त्रांवर आणि सामानावर हिंडू लागली. चित्र तेच, डोळा तोच, प्रश्न बदलला की पाहणे बदलले. यावरून पुस्तिकेच्या रचनेसंबंधी फार उपयुक्त धडा मिळतो. प्रश्न चित्राच्या आधी छापला, तर मूल केवळ त्या प्रश्नापुरते पाहते. नंतर छापला, तर त्याला पुन्हा मागे यावे लागते आणि तेच चित्र नव्या नजरेने पाहावे लागते. पहिल्या प्रकरणांत प्रश्न आधी द्यावा, पुढे पुढे तो मागे सारीत जावा, असा क्रम मला योग्य वाटतो. मानवी चेहरे दृष्टीला प्रथम ओढून घेतात, यासाठी महत्त्वाची खूण चेहऱ्याच्या अगदी शेजारी न ठेवता, पात्राच्या नजरेच्या किंवा हाताच्या दिशेपासून थोडी बाजूला ठेवावी. आणि ती एकटी ठेवू नये, तिच्यासारख्याच दोन-तीन निरागस वस्तूंच्या संगतीत ठेवावी. फडताळात एकच बाटली असली की तिच्यावर संशय येतो. पाच असल्या की त्यांतल्या एकीचे बूच उलटे बसले आहे हे शोधावे लागते.

आता एका अशा गोष्टीविषयी लिहितो, जिच्याबाबत मी तडजोडीला तयार नाही. संशयितांचे चेहरे काढताना चित्रकाराच्या हातून नकळत जो निवाडा होतो, तो लेखकाच्या निवाड्याच्या कितीतरी आधी मुलाच्या मनात उतरतो. दाट भुवया, दाढीचे खुंट, सावळा वर्ण, ठिगळाचे कपडे, डोळ्यावर पट्टी, लंगडा पाय, या सामग्रीतून खलपुरुष उभा करण्याची परंपरा मोठी आहे. चेझारे लोंब्रोझो या इटालियन वैद्याने १८७६ सालच्या आपल्या ग्रंथात गुन्हेगार हा जन्मजात असतो आणि त्याच्या शरीररचनेवरून ओळखता येतो असे प्रतिपादन केले. ते मत शास्त्राने केव्हाच टाकून दिले, पण चित्रांतून ते अजून जिवंत आहे. आपल्या देशात तर त्याच मनोवृत्तीला कायद्याचे बळ मिळाले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, त्यांना वसाहतींत डांबले. महाराष्ट्रातील कैकाडी, रामोशी, कंजारभाट अशा समाजांनी तो कलंक सोसला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाल्यावर ते विमुक्त म्हणवले गेले, तरी पोलिसांचा आणि समाजाचा संशय त्यांची पाठ सोडीना. ज्या मुलाच्या आजोबांना चावडीवर हजेरी द्यावी लागत होती, ते मूल आज वर्गात पहिल्या बाकावर बसून ही पुस्तिका उघडणार आहे. चोर म्हणून काढलेल्या माणसाच्या अंगावर त्याला आपल्या बापाचे मुंडासे दिसले, तर त्या पानावर तर्कशास्त्राचा कोणताही धडा शिकवला जात नाही, दुसराच काही धडा शिकवला जातो. म्हणून संशयितांचे चेहरे एकमेकांत बदलले तरी कथेला बाध येऊ नये इतके ते समतोल असावेत. दोष चेहऱ्यावरून नव्हे, वस्तूंवरून सिद्ध व्हावा. शिस्तीचे हे बंधन कलेलाही उपकारकच आहे. चेहऱ्यावर भिस्त ठेवता आली नाही की चित्रकाराला चपलेची माती, दाराची कडी आणि शाईचा डाग यांचा अभ्यास करावाच लागतो.

छपाईच्या बाजूचे काही तपशील थोडक्यात सांगण्याजोगे आहेत. पुस्तकाच्या शिवणीत दोन्ही पानांचा काही भाग गिळला जातो, तेव्हा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कोणतीही खूण शिवणीच्या आसपास असू नये. तसेच छापल्यावर कडा कापताना दोन-तीन मिलिमीटरांचा फरक पडतो, म्हणून ती काठालाही असू नये. चित्रातली पत्रे, पाट्या आणि तारखा यांची बारीक अक्षरे केवळ काळ्या शाईत असावीत. ती चार रंगांच्या ठिपक्यांतून तयार केली आणि एखादा ठसा केसभर सरकला, की एक आकडा भलताच वाचला जातो आणि निरपराध मनुष्य अडकतो. लाल आणि हिरवा यांच्या भेदावर कोणतेही प्रकरण उभारू नये, कारण हा भेद न दिसणारी मुले प्रत्येक मोठ्या शाळेत असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळले आहे, आपल्याकडे ते त्याहून कमी असले तरी नगण्य खचित नाही. लाल पारदर्शक कागदातून पाहण्याच्या गुप्त मजकुराची गोष्ट वेगळी, आणि ती मुलांना अतिशय आवडते. फिकट निळ्या शाईत अक्षरे छापून त्यांवर लाल रेषांची जाळी घालावी. लाल कागदातून पाहताना लाल रेषा पार्श्वभूमीत विरून जातात, निळा रंग मात्र लाल प्रकाश परत पाठवीत नसल्यामुळे अक्षरे काळी होऊन वर येतात. प्रकाशाचा एक पाठ या निमित्ताने सहज शिकवून होतो.

हे सर्व साधले तरी पुस्तिका मुलांच्या हाती देऊन पाहिल्याशिवाय छापायला देऊ नये. कच्ची चित्रे घेऊन चित्रकाराने स्वतः वर्गात जावे, मागे उभे राहावे आणि तोंडातून अक्षर काढू नये. मुलाचे बोट कुठे थांबते, कोणती वस्तू ते भलतीच समजते, याकडे लक्ष ठेवावे. तांब्याला कोणी फुलदाणी म्हटले तर तांब्या पुन्हा काढावा. मूल चुकले असे म्हणू नये. उत्तराच्या पानावरही केवळ दोन ओळींचा निकाल छापून हात झटकणे बरे नव्हे. तिथे मूळ चित्र लहान आकारात पुन्हा छापावे, खुणेच्या जागा रेषेने वेढून दाखवाव्यात, आणि मुलांनी चाचणीच्या वेळी काढलेले परंतु न टिकणारे तर्कही नोंदवून ते का टिकत नाहीत हे सांगावे, म्हणजे ज्याचे उत्तर चुकले त्यालाही आपले पाहणे वाया गेले नाही असे वाटेल.

शेवटची बाब कागदाची. रंग खुलतात म्हणून प्रकाशक अशा पुस्तकांना गुळगुळीत चकचकीत कागद वापरू पाहतात. त्यावर पेन्सिल नीट उमटत नाही, आणि शाईचे पेन वापरले तर अक्षर फरफटते. स्वाध्यायपुस्तिकेला साधा मॅपलिथो कागदच योग्य. उत्तराच्या ओळींत मुलाचे मोठे, अजून न वळलेले अक्षर मावेल एवढे अंतर असावे, आणि प्रत्येक प्रकरणाला किमान दहा ओळी तरी द्याव्यात, कारण दोन ओळींत नाव मावते, कारणे मावत नाहीत.